विकेंद्रीकरण की संघराज्य? फिलिपिन्सच्या महापौरांना पडलेला प्रश्न

समजा आपल्या कॉलेजमध्ये उद्या प्राचार्यांनी एक परिपत्रक काढलं : "यापुढे प्रत्येक डिपार्टमेंटने आपलं गॅदरिंग आपणच करावं. पाहुणे कोण बोलवायचे, मांडव कुणाकडून घ्यायचा, खर्च किती करायचा, सगळं तुम्हीच ठरवा. वार्षिक निधीतला ठरावीक वाटा तुम्हाला मिळेल." सगळीकडे आनंदीआनंद! याला म्हणायचं विकेंद्रीकरण. पण एक गोम आहे. परिपत्रक काढणाऱ्याला ते मागेही घेता येतं.

आता दुसरी शक्यता. कॉलेजची घटनाच बदलली, आणि तीत लिहिलं गेलं की अमुक अधिकार डिपार्टमेंटचे, तमुक प्राचार्यांचे. कोणीही एकट्याने ही वाटणी बदलू शकत नाही, आणि भांडण झालंच तर निवाडा तिसरा करेल. हे झालं संघराज्य. ऐकायला दुसरा पर्याय जास्त पक्का वाटतो ना? पण क्लास रिप्रेझेंटेटिव्हला विचारून बघा. तो म्हणेल, "ते ठीक आहे हो, पण आमच्या वर्गाचा वाटा आतापर्यंत थेट ऑफिसातून यायचा. आता तो एचओडी सरांकडे मागायचा का?"

नेमका हाच प्रश्न २०१६ ते २०१९ या काळात फिलिपिन्समधल्या महापौरांपुढे, गव्हर्नरांपुढे आणि वॉर्डप्रमुखांपुढे उभा होता. पंचवीस वर्षं विकेंद्रीकरण अनुभवलेल्या देशाने संघराज्य व्हावं का, यावर तिथे मोठी चर्चा झाली. तज्ज्ञ बोलले, नेते बोलले. पण रोज सकाळी कार्यालयात बसून कचऱ्याची गाडी, दवाखान्यातली औषधं आणि वादळाचा इशारा सांभाळणाऱ्यांचं म्हणणं सगळ्यात उद्बोधक होतं.

आधी देश समजून घेऊ

फिलिपिन्स म्हणजे ७,६४१ बेटं. स्पॅनिश आणि अमेरिकन राजवटीत कारभाराची सगळी सूत्रं राजधानी मनिलाकडे एकवटली आणि स्वातंत्र्यानंतरही तिथेच राहिली. दूरच्या बेटावरच्या लोकांना वाटायचं, आपला कर मनिलाला जातो आणि मनिलातून परत येतो तो फक्त आदेश. तिकडे यासाठी एक शब्दप्रयोगच रूढ आहे, 'साम्राज्यवादी मनिला'. आणि यात तथ्य आहे. मनिला महानगर आणि त्याला लागून असलेले दोन विभाग मिळून देशाच्या निम्म्याहून जास्त उत्पन्नाची निर्मिती करतात.

स्थानिक कारभाराच्या पायऱ्या अशा : वर प्रांत, त्याचा प्रमुख गव्हर्नर. त्याखाली शहरं आणि नगरपालिका, त्यांचे महापौर. सगळ्यात खाली बारांगाय, म्हणजे आपल्याकडचा वॉर्ड किंवा लहान गाव समजा. प्रांत ब्याऐंशी आणि बारांगाय ४२ हजारांहून अधिक! हे सगळे लोकांनी निवडून दिलेले. प्रांतांच्या वर 'विभाग' नावाची एक पायरी आहे खरी, पण ती केवळ सरकारी खात्यांच्या सोयीसाठी आहे. तिथे निवडून आलेलं सरकार नाही (अपवाद एकच, तो पुढे येईल). ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं इथेच अडलं.

१९९१ चा कायदा : अधिकार आले, सोबत बिलंही आली

मार्कोस यांची हुकूमशाही १९८६ मध्ये कोसळली. १९८७ च्या राज्यघटनेने स्थानिक स्वायत्ततेची हमी दिली. राष्ट्राध्यक्षांना स्थानिक संस्थांवर फक्त 'देखरेख' करता येईल, 'नियंत्रण' नाही, असा भेद घटनेने केला. कंट्रोल सिस्टिम शिकणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल : मीटर वाचणं वेगळं आणि नॉब फिरवणं वेगळं!

या घटनेला धरून १९९१ मध्ये स्थानिक शासन संहिता आली. राष्ट्राध्यक्ष होत्या कोराझोन अक्विनो, आणि कायद्याचे मुख्य शिल्पकार होते सिनेटर अकिलिनो पिमेंटेल. ते स्वतः पूर्वी मिंडानाओ बेटावरच्या कागायान दे ओरो शहराचे महापौर होते. १ जानेवारी १९९२ पासून कायदा लागू झाला. आरोग्य, कृषी विस्तार, समाजकल्याण अशी कामं खाली आली आणि सुमारे ७० हजार कर्मचारी केंद्राकडून स्थानिक संस्थांकडे वर्ग झाले. त्यांतले ४५ हजारांहून अधिक एकट्या आरोग्य खात्याचे.

पैशाची व्यवस्था अशी : केंद्राच्या अंतर्गत महसुलाचे ४० टक्के स्थानिक संस्थांना. त्यातले प्रांतांना २३, शहरांना २३, नगरपालिकांना ३४ आणि बारांगायना २० टक्के. मग प्रांत, शहरं आणि नगरपालिका यांच्या गटांत वाटप लोकसंख्या (५० टक्के), क्षेत्रफळ (२५ टक्के) आणि समान वाटा (२५ टक्के) या सूत्राने. शिवाय घटनेचंच बंधन की हा वाटा 'आपोआप' सुटला पाहिजे. म्हणजे महापौराने मनिलाला जाऊन कोणाच्या दारात उभं राहायला नको.

कागदावर सुंदर डिझाइन! प्रत्यक्षात काय झालं? जिल्हा दवाखाने प्रांताकडे गेले आणि ग्रामीण आरोग्य केंद्रं नगरपालिकेकडे. पूर्वी एका साखळीत असलेला पेशंट आता दोन वेगळ्या मालकांच्या हद्दीत सापडला. त्यातच १९९२ मध्ये केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी भत्त्यांचा एक चांगला कायदा केला, पण तो खर्च बऱ्याच अंशी स्थानिक संस्थांच्या गळ्यात पडला. शिवाय निधीचं सूत्र लोकसंख्या आणि क्षेत्रफळ बघतं, दवाखाने किती वाट्याला आले ते बघत नाही. त्यामुळे काहींकडे खर्च जास्त आणि पैसा कमी, तर काहींकडे नेमकं उलट. स्थानिक अधिकाऱ्यांची पहिली तक्रार इथूनच सुरू झाली : "काम आमचं, निर्णय तुमचा, आणि बिल पुन्हा आमचं!"

दुसरी तक्रार हमीची. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात राष्ट्राध्यक्ष रामोस यांनी आदेश काढून स्थानिक संस्थांच्या वाट्यातले १० टक्के रोखून धरले. पिमेंटेल न्यायालयात गेले आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अडवणूक बेकायदा ठरवली. निकाल चांगला, पण महापौरांनी घेतलेला धडा वेगळाच होता. हक्काचे पैसे मिळवायलाही कोर्टाची पायरी चढावी लागते!

अर्थात, चांगली उदाहरणंही भरपूर आहेत. नागा हे मध्यम आकाराचं शहर. तिथे जेसी रोब्रेडो १९८८ मध्ये महापौर झाले आणि त्यांनी नागरिकांच्या संघटनांना शहराच्या कारभारात जागा दिली. २००० मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे त्याच कायद्यात, त्याच सूत्रात एक शहर फुलतं आणि दुसरं रडतं. मग दोष कायद्याचा की माणसांचा? पुढच्या सगळ्या वादात हा प्रश्न पार्श्वभूमीला वाजत राहिला.

संघराज्याची लाट

२००८ मध्ये पिमेंटेल यांनीच सिनेटमध्ये ठराव मांडला की देशाची ११ राज्यं करावीत आणि मनिला महानगर वेगळं ठेवावं. विकेंद्रीकरणाच्या शिल्पकारालाच विकेंद्रीकरण अपुरं वाटू लागलं होतं. ठराव तेव्हा पुढे सरकला नाही.

२०१६ मध्ये रॉड्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले. दावाओ शहराचे ते अनेक वर्षं महापौर होते आणि संघराज्य हे त्यांचं निवडणुकीतलं एक मोठं आश्वासन होतं. २०१८ च्या सुरुवातीला त्यांनी माजी सरन्यायाधीश रेनाटो पुनो यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती नेमली. जुलै २०१८ मध्ये समितीचा मसुदा आला : एकूण १८ घटक प्रदेश, प्रत्येकाला स्वतःचं कायदेमंडळ आणि स्वतःचं सरकार.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. हे सगळं ऐकून स्थानिक अधिकारी काय म्हणाले? उत्तर एक नाही. मत कोणत्या खुर्चीतून दिलं जातं त्यावर ते अवलंबून होतं. या चर्चेतले युक्तिवाद खुर्चीनुसार असे मांडता येतील :

१) मिंडानाओचे अधिकारी. इथे पाठिंबा सगळ्यात जास्त. मनिलापासून दूर, नैसर्गिक संपत्ती भरपूर, आणि मुस्लिम बंडखोरीचा दीर्घ इतिहास. त्यांच्या दृष्टीने संघराज्य ही शांततेची किंमत होती. आमची भाषा, आमचा धर्म, आमची जमीन यांचे निर्णय आम्हाला घेऊ द्या, एवढंच मागणं.

२) छोट्या नगरपालिकेचा महापौर. याच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग म्हणजे केंद्राकडून आपोआप येणारा वाटा. संघराज्यात तो प्रदेशाच्या सरकारकडून यायचा म्हटलं तर पोटात गोळा येणारच! 'साम्राज्यवादी मनिला' जाऊन तिच्या जागी 'साम्राज्यवादी प्रादेशिक राजधानी' आली तर? मनिला निदान लांब आहे, तिला माझ्या गावाच्या राजकारणात रस नाही. प्रादेशिक मुख्यमंत्री तर कदाचित माझ्याच प्रतिस्पर्ध्याचा मेहुणा असेल!

३) गव्हर्नर. आजवर लोकनियुक्त पदांमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या खालची मोठी प्रादेशिक खुर्ची ही त्याचीच. मध्ये प्रदेशाचं सरकार आलं की तो एक पायरी खाली उतरतो. मग प्रांत हवेत तरी कशाला, असा प्रश्न कोणीतरी विचारणारच.

४) मोठ्या शहराचा महापौर. याच्याकडे मालमत्ता कर आहे, व्यवसाय कर आहे. त्याला जास्त मोकळीक हवीच. पण आपला पैसा गरीब शेजाऱ्यांना किती जाणार, ही काळजीही आहे.

५) बारांगायचा कप्तान. त्याचा प्रश्न सगळ्यात साधा. २० टक्के राहणार की जाणार?

हे वाचून हे लोक स्वार्थी आहेत असं वाटेल. पण थांबा. कितीही उदात्त रचना असली तरी पगाराची तारीख, अँब्युलन्सचं डिझेल आणि वादळातलं धान्य यांची सोय कुठून होणार, हे विचारणं म्हणजे स्वार्थ नव्हे. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने टाक्लोबान शहर उद्ध्वस्त केलं. त्या वादळात देशभर ६ हजारांवर माणसं गेली. पहिला प्रतिसाद द्यायची जबाबदारी कायद्याने स्थानिक संस्थेची, पण तिचे कर्मचारी स्वतःच वादळग्रस्त! मग सूत्रं कोणी हाती घ्यायची, केंद्राने की महापौराने, यावर तेव्हा जाहीर वाद झाला. मधे आणखी एक सरकार उभं केलं की अशा वेळी मदत लवकर पोचते की आणखी एका टेबलावर थांबते? ज्याच्या शहरात प्रेतं पडलेली असतात त्याला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

वाटा ठरलेला, खाणारे वाढले की...

स्थानिक अधिकारी पैशाबाबत इतके हळवे का, हे एका प्रकरणातून छान कळतं. शहरांचा एकत्रित वाटा २३ टक्के ठरलेला. त्यामुळे एखाद्या नगरपालिकेला शहराचा दर्जा मिळाला की तिचा वाटा एकदम वाढतो आणि जुन्या शहरांचा कमी होतो. म्हणून २००१ मध्ये शहर होण्यासाठीची उत्पन्नाची अट कडक केली गेली. तरीही २००७ मध्ये १६ नगरपालिका वेगवेगळ्या कायद्यांनी शहरं झाल्या. शहरांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०११ या काळात आपला निकाल पुन्हा पुन्हा फिरवला आणि शेवटी त्या १६ जणी शहरं म्हणून कायम राहिल्या. स्वायत्ततेचे गोडवे गाणारे महापौर इथे एकमेकांविरुद्ध उभे होते!

मग संघराज्याचं झालं काय?

तीन गोष्टी झाल्या.

एक, जनता. पल्स एशिया या संस्थेच्या जून २०१८ च्या पाहणीत ६२ टक्के लोक संघराज्याच्या विरोधात निघाले. लोकांना मुळात ही संकल्पनाच नीट माहीत नव्हती.

दोन, खुद्द सरकारचं अर्थखातं. मसुद्यातली खर्चाची आणि महसुलाची मांडणी धड नाही, तूट हाताबाहेर जाईल, असं दुतेर्ते यांच्याच अर्थमंत्र्यांनी आणि नियोजनमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं. डिझाइन मंजूर, पण लोड कॅल्क्युलेशनच नाही, अशातला प्रकार.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची : मांदानास निकाल. हर्मिलांदो मांदानास हे बातांगास प्रांताचे राजकारणी. त्यांचा मुद्दा असा की घटना 'राष्ट्रीय करां'मधला वाटा म्हणते, आणि सरकार मात्र फक्त 'अंतर्गत महसूल' धरून हिशोब करतं. सीमाशुल्क खात्याने गोळा केलेले कर सोडून देतं. जुलै २०१८ मध्ये, म्हणजे पुनो समितीचा मसुदा आला त्याच महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणं मान्य केलं. अंमल २०२२ पासून झाला. स्थानिक संस्थांचा वाटा २०२१ मध्ये सुमारे ६९५ अब्ज पेसो होता, तो २०२२ मध्ये सुमारे ९५९ अब्जांवर गेला. घटनेतला एक शब्दही न बदलता!

ज्यांना संघराज्य मुख्यतः पैशासाठी हवं होतं त्यांची अर्धी मागणी इथेच पुरी झाली. २०२० मध्ये नगरपालिकांच्या महापौरांच्या संघटनेने घटनादुरुस्तीची मागणी केली तेव्हा तिच्या अग्रभागी हेच होतं की मांदानास निकाल घटनेत पक्का करा. बघा, मागणी नवी राज्यं करण्याची नाही, तर असलेली पाइपलाइन कोणाला बंद करता येऊ नये याची आहे.

या सूत्रातली एक गंमत आपल्या लोकांना आवडेल. वाटा काढताना तीन वर्षांपूर्वीची करवसुली धरतात. म्हणजे सिस्टिममध्ये तीन वर्षांचा डिले! २०२० मध्ये कोविडमुळे वसुली घसरली, त्याचा फटका २०२३ मध्ये बसला आणि वाटा सुमारे ८२० अब्जांवर आला. आदल्या वर्षी नव्या योजना सुरू केलेल्या महापौरांची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा.

डिसेंबर २०१८ मध्ये कनिष्ठ सभागृहाने संघराज्याच्या घटनेचा स्वतःचा एक मसुदा मंजूर केला, पण सिनेटने तो उचललाच नाही आणि विषय थंडावला. मात्र एका ठिकाणी संघराज्यासारखं काहीतरी उभं राहिलं. २०१९ च्या जनमत कौलाने मुस्लिम मिंडानाओमध्ये बांगसामोरो स्वायत्त प्रदेश आला. त्याला स्वतःची संसद आहे आणि केंद्राच्या निव्वळ अंतर्गत महसुलाच्या ५ टक्के एकरकमी अनुदानही. तिथेही एकमत नव्हतं. सुलू प्रांतातल्या बहुसंख्य मतदारांनी कौल विरोधात दिला होता, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलूला त्या प्रदेशातून बाहेर काढलं.

घराणी : न बोलला जाणारा मुद्दा

एक गोष्ट स्थानिक अधिकारी फारशी स्वतःहून बोलत नाहीत. महापौर वडील, उपमहापौर मुलगा, गव्हर्नर काका... अशी घराणी फिलिपिन्समध्ये जागोजागी आहेत. १९८७ ची घटना घराणेशाहीला मनाई करते, पण व्याख्या कायद्यावर सोडते. तो सर्वसाधारण कायदा पुढची तीन दशकं झालाच नाही, कारण तो करायचा कोणी? त्याच घराण्यांनी! (२०१६ मध्ये फक्त युवक मंडळांपुरती तशी तरतूद झाली.) पुनो समितीने मसुद्यात थेट बंदी घातली होती. घराणेशाही न रोखता संघराज्य आणलं तर मनिलाची सत्ता लोकांकडे न जाता स्थानिक सुभेदारांकडे जाईल, ही भीती रास्तच आहे.

आपल्याला काय त्याचं?

आपण उलट्या टोकाला उभे आहोत. भारतात राज्यं आधीपासून आहेत. स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने मिळाला, त्या अमलात आल्या १९९३ मध्ये. पण स्थानिक शासन हा विषय राज्यसूचीतच राहिला. राज्य वित्त आयोग शिफारस करतो, देणं न देणं राज्याच्या हातात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे! (तिथेही बारांगाय निवडणुका वारंवार पुढे ढकलल्या गेल्या, तेव्हा हसण्याचं कारण नाही.) म्हणजे फिलिपिन्सच्या छोट्या महापौराला ज्याची भीती वाटते, ते आपल्याकडच्या नगराध्यक्षाचं रोजचं जगणं आहे : दूरच्या राजधानीऐवजी जवळची राजधानी.

थोडक्यात काय, संघराज्य आणि स्थानिक स्वायत्तता हे एकाच रस्त्यावरचे पुढचे-मागचे स्टॉप नाहीत. संघराज्य केंद्र आणि राज्य यांच्यातली वाटणी पक्की करतं. राज्य आणि गाव यांच्यातली वाटणी वेगळी लिहावी लागते, आणि न लिहिल्यास ती राज्याच्या मर्जीवर राहते. म्हणूनच उद्या कोणी "सत्ता खाली द्या" अशी घोषणा केली तर फिलिपिन्सच्या महापौरासारखे तीन प्रश्न नक्की विचारा : खाली म्हणजे नेमकं कुठपर्यंत? कामाबरोबर पैसा किती? आणि तो अडवला तर दाद कुठे मागायची?